झाडं नकोत म्हणणारा अर्ज

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची लकब जमेल तिथे तशीच ठेवली आहे.)

आवाज नीट येतोय अशी आशा करतो. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून रेकॉर्ड करतोय, मध्येच एसटीचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या.

मी शिरपूरचा. धुळ्याचं शिरपूर नाही हं, वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर जैन, अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर आहे ते. तालुका मालेगाव. आता मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिककडचं आठवतं. म्हणजे आमचं गावही डुप्लिकेट आणि तालुकाही डुप्लिकेट. कुरिअरवाल्यांनी यापायी आम्हाला फार छळलंय. नावाचा हा घोळ पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

माझं इथे ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा. २०२३ ला एक रुपयात पीक विमा आला तेव्हा दुकानापुढे कशी रांग होती ते माझं मलाच माहीत. तर दिवसभर मी लोकांचे फॉर्म भरतो. आणि गेली तीन वर्षं रात्री एक दुसरं काम करतो, बिनपगारी: लोकांनी भरलेले फॉर्म तपासतो.

एक छोटा निधी आहे. गावपातळीवर कोणी निसर्ग राखायचं काम करत असेल, तर त्याला पंचवीस हजारांपासून दीड लाखापर्यंत पैसे देतो. परीक्षकांनी निधीचं नाव जाहीरपणे घ्यायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे मी घेत नाही. आम्ही सात परीक्षक, सगळे स्वयंसेवक. एक कॉलेजचे प्राध्यापक, एक निवृत्त वनपाल, एक वकील ताई, असे. प्रत्येक अर्ज तिघांकडे जातो. तिघं आपापले शंभरपैकी गुण देतात, मग ऑनलाइन मीटिंग होते आणि पैसे कुणाला ते ठरतं.

ही पद्धत आमच्या डोक्यातून आलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत १९९२ पासून एक लघु अनुदान कार्यक्रम चालतो, सव्वाशेच्या वर देशांत. छोटी अनुदानं गावातल्या संस्थांना मिळतात. ती कोणाला द्यायची हे प्रत्येक देशातली एक समिती ठरवते. तिच्यात बिगरसरकारी लोक जास्त असतात आणि त्यांना या कामाचा पगार नसतो. इंग्लंडचं रफर्ड फाउंडेशन आहे, ते आधी छोटी रक्कम देतं, काम दिसलं की पुढची मोठी. त्यांच्याकडून पैसे मिळालेल्यांचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. भारतातल्या कितीतरी तरुण अभ्यासकांची सुरुवात तिथून झाली आहे. मोबाइल हातात आहेच, तर एकदा उघडून बघा.

आता माझी पहिली चूक सांगतो. आजचा भाग तिच्यावरच आहे.

पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला अकरा अर्ज आले. त्यातले सहा झाडं लावायचे. त्यांचा काही दोष नाही. २०१९ ला आपल्या राज्यात एका पावसाळ्यात तेहतीस कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. शाळेपासून तहसीलपर्यंत सगळीकडे एकच भाषा: खड्डे, रोपं, फोटो. पर्यावरण म्हणजे झाड, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की फॉर्म भरताना दुसरं काही सुचतच नाही.

कॉपी-पेस्ट ओळखायला मला वेळ लागला नाही. अहो, मी स्वतः रोज तेच करतो! दोन वेगळ्या गावांच्या अर्जांत ‘संवर्धन’ हा शब्द एकाच पद्धतीनं चुकला असेल, तर दोन्ही अर्ज एकाच कॉम्प्युटरवर जन्मले हे समजायला शेरलॉक होम्स लागत नाही. एकानं नाला खोलीकरणाच्या अर्जात लिहिलं होतं, ‘आम्ही शिरपूर पॅटर्न राबवणार’. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले. मंडळी, तो पॅटर्न धुळ्याच्या शिरपूरचा. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांचं काम. तिथे एका बाजूला तापीकाठचा गाळाचा थर आहे, इथे आमच्याकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तिथला नाला इथे उचलून आणता येत नाही.

तर त्या अकरांत दोन अर्ज होते. पहिला एकदम चकाचक. टाइप केलेला, नकाशा जोडलेला, ग्रामपंचायतीचा ठराव, जैवविविधता समितीचं पत्र. हजार रोपं, एक लाख वीस हजार रुपये, जागा गावची ई-क्लास जमीन. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, ई-क्लास म्हणजे गावाची चराईची सरकारी जमीन. पश्चिम महाराष्ट्रात गायरान म्हणतात ते. मी अठ्ठ्याहत्तर गुण दिले.

दुसरा अर्ज हातानं लिहिलेला, वहीच्या तीन पानांवर, मोबाइलनं फोटो काढून पाठवलेला. एका पानावर अंगठ्याची सावली पडली होती. आमच्याच तालुक्यातल्या एका फासेपारधी बेड्यावरून आला होता. चाळीस एकर माळ राखायचा आहे. पावसाळ्यात गुरं आत जाऊ द्यायची नाहीत, बी पडलं की दिवाळीनंतर गवत कापायचं, उन्हाळ्यात आग लागू द्यायची नाही. एका ओळीखाली पेनानं दोनदा रेघ मारली होती: ‘आम्ही झाडे लावणार नाही’.

मी एक्केचाळीस गुण दिले. शेऱ्यात काय लिहिलं ते अजून माझ्या लॅपटॉपवर आहे: ‘झाडे का नाहीत? नुसते राखण्यासाठी पैसे मागितले आहेत. ठोस काम दिसत नाही.’

झाडांचा अर्ज मंजूर झाला, गवताचा गेला.

नियमाप्रमाणे मंजूर काम एकदा जाऊन बघायचं असतं. मी पुढच्या मे महिन्यात गेलो, मित्राच्या बाइकवर. दुपारचे बारा, ऊन म्हणजे विचारू नका. माळावर खड्ड्यांच्या सरळ ओळी. शंभर खड्डे मोजले. वीस-पंचवीस रोपं हिरवी, बाकी काड्या. पैसे खाल्ले असं मला अजिबात म्हणायचं नाही. खड्डे खरे होते, रोपं खरी होती, पोरांनी टँकरनं पाणीसुद्धा घातलं होतं. पण हातभर मुरमात झाड जगणार कसं? खड्डे खणताना वरची गवताची मुळं उखडली गेली होती आणि त्या जागी तरोटा माजून वाळला होता.

शेळ्या चारणारे एक म्हातारे बाबा होते. मी विचारलं, बाबा, इथं आधी काय होतं?

म्हणाले, “गवत होतं ना बापा. दुसरं काय रायते माळावर?”

त्या रात्री मी तो वहीवरचा अर्ज पुन्हा काढून वाचला. पहिल्या वेळी मी दहा मिनिटांत तो उरकला होता. या वेळी एक तास लागला. कारण त्यात सगळं होतं. पवन्या कुठे आहे, मारवेल कुठे आहे, कुसळी कुठे वाढली म्हणजे चराई जास्त झाली समजायचं. तितर कोणत्या कडेला अंडी घालते. लांडगा कोणत्या ओढ्यानं येतो. आग नेहमी कोणत्या बाजूनं येते आणि का, तर तिकडून रस्ता जातो आणि लोक बिडी टाकतात. आमच्या अर्जात ‘आधारभूत माहिती’ नावाचा रकाना आहे. बाकी लोक त्यात इंटरनेटवरचा परिच्छेद टाकतात. या माणसानं तीन पानं आधारभूत माहितीच दिली होती. फक्त रकान्यात लिहिली नव्हती.

मी मग वाचायला लागलो. आपल्या देशाचा पडीक जमिनींचा एक सरकारी नकाशासंग्रह आहे, त्यात गवताळ रानाचा मोठा भाग ‘पडीक’ म्हणून धरलेला आहे. एकदा पडीक म्हटलं की तिथे झाड लावा, सोलर लावा, क्रीडांगण करा, सगळं चालतं. पण तणमोर नावाचा पक्षी आहे. पावसाळ्यात त्याचा नर गवतातून सरळ वर उडी मारतो, मादीला दिसावं म्हणून. उंच झाडांच्या गर्दीत त्याचं काम नाही, त्याला मोकळं गवतच लागतं. २०२१ पासून तो जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे. अकोला-वाशिम पट्ट्यात त्याच्या नोंदी आहेत.

आणि गवत राखायचं काम आमच्या दारात आधीपासून सुरू होतं. कारंज्याची ‘संवेदना’ संस्था, कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांचे सहकारी फासेपारधी समाजाबरोबर गवताळ रानावर काम करत आलेत. अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळी तालुक्यातल्या वडाळ्याच्या पारध्यांनी माळ राखल्याचं तर संवर्धनाच्या अभ्यासकांनी लिहूनही ठेवलंय. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी फासे लावून तितर पकडले, त्यांना तितर कुठे राहतं हे ठाऊक असणारच. हे मला माहीत नव्हतं, आणि मी परीक्षक होतो.

दुसऱ्या वर्षी काय झालं ते ऐका.

ऑक्टोबरमध्ये एक दिवस दुकानात एक काका आले. हातात तीच वही. म्हणाले, “भाऊ, एक फारम भराचा हाय. मागच्या साली हातानं लिवला, तं नाही झाला. लोक म्हन्ले टाइप करून पाठवा.”

मी वही बघितली आणि घाम फुटला. काकांना माहीत नव्हतं की त्यांना एक्केचाळीस गुण देणारा माणूस समोर बसलाय.

आता बघा पेच. आमच्या निधीचा नियम साधा आहे: ज्या अर्जात तुमचा हात आहे, त्याला तुम्ही गुण द्यायचे नाहीत, त्याच्यावर बोलायचं नाही. मी फॉर्म भरला नाही तर मला गुण देता येतील, चर्चेत भांडता येईल. भरला तर मी बाहेर. मनात आलं, नाही म्हणावं. वाशिमला जा म्हणावं, आणि आत बसून नव्वद गुण द्यावेत. हे मला अगदी प्रामाणिकपणाचंच वाटत होतं हो! पण मग ते नव्वद गुण अर्जाला असते की माझ्या मागच्या वर्षीच्या चुकीला?

शेवटी मी काकांना सगळं सांगितलं. एक्केचाळीस गुणांसकट.

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तं मंग आता तूच भर. तुले माहीत हाय, काय नाही लिवलं तं लोक काय म्हनते.”

तीन संध्याकाळी बसलो. माहिती त्यांची, रकाने माझे. ई-क्लास असल्यामुळे ग्रामसभेचा ठराव लागणार होता, आणि तो मिळवायला अर्जापेक्षा जास्त वेळ गेला. जैवविविधता समितीचं पत्रही हवं होतं. ही समिती २००२ च्या कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर सगळीकडे घाईघाईत नोंदवह्या झाल्या. तुमच्या गावात जाऊन एकदा मागून बघा. आम्ही काकांच्या गावची उघडली, तर तिच्यात बेड्यावरच्या एकाही माणसाला विचारून लिहिलेलं दिसलं नाही. काकांनी त्यातली पक्ष्यांची यादी वाचून घेतली आणि हसायला लागले.

खर्च असा: राखणदाराला महिन्याला पाच हजार, बारा महिन्यांचे साठ. जाळरेषा काढायला वीस. फलक आणि बैठका दहा. विळे आणि गवताची ने-आण सहा. एकूण शहाण्णव हजार.

मीटिंग रविवारी होती. काकांच्या अर्जाचा नंबर आला, मी सांगितलं, हा मी टाइप केलाय. समन्वयकांनी मला वेटिंग रूममध्ये टाकलं. स्क्रीनवर तेवढंच, होस्ट तुम्हाला लवकरच आत घेतील. चौदा मिनिटं! मी दुकानात दोन झेरॉक्स काढून दिल्या, लक्ष सगळं स्क्रीनवर.

नंतर शेरे वाचायला मिळाले. तिघांपैकी दोघांनी लिहिलं होतं, ‘झाडे का नाहीत?’

माझंच वाक्य. आणि मला त्याचं उत्तर द्यायची सोय नव्हती.

पण या वर्षी एक बदल झाला होता. शंका असेल तर अर्जदाराला फोन करायचा, असं ठरलं होतं. वनपाल साहेबांनी काकांना फोन लावला. मी तिथे नव्हतो, काकांनीच नंतर सांगितलं. साहेबांनी विचारलं, झाडं लावायला काय हरकत आहे? काका म्हणाले, “साहेब, झाडाले खड्डा लागते. गवताले राखन लागते. तुमी खड्ड्याचे पैसे देता, तं राखनीचे काहून नाही देत?” साहेब म्हणे बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी आपल्या नोकरीच्या काळातल्या कुरणांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, आणि फोन चाळीस मिनिटं चालला.

मंजूर झाले साठ हजार. शहाण्णव मागितले, साठ मिळाले.

रक्कम कापणं परीक्षकांना फार सोपं वाटतं. मीही खूप कापली आहे. ‘थोडं कमी द्या, जास्त लोकांना देता येईल.’ पण या वेळी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो. जाळरेषेचे वीस हजार सोडता येत नव्हते, वर पाच हजार विळे आणि ने-आण. फलक-बैठका गेल्या. राखणीला उरले पस्तीस हजार, म्हणजे सात महिने. आता वर्षातले कोणते पाच महिने माळ वाऱ्यावर सोडायचा, सांगा? पावसाळा सोडला तर गुरं शिरतात, बी धरायच्या आधीच सगळं साफ. दिवाळीनंतर सोडला तर कापलेलं गवत चोरीला जातं. उन्हाळा सोडला तर आग. आम्ही जुलै ते डिसेंबर धरले आणि सातवा मार्च. जाळरेषा आहे, एप्रिल-मे निभावेल असं वाटलं.

पावसाळा चांगला गेला. म्हणजे गवतासाठी. भांडणं दोनदा झाली, एकदा प्रकरण पोलीस पाटलांपर्यंत गेलं, पण गुरं बाहेर राहिली. दिवाळीनंतर बेड्यावरच्या बायकांनी गवत कापलं, विक्रीचे अकरा हजार आले. पवन्या कमरेएवढा होता. मी जाऊन उभा राहिलो, फोटो काढला, फोटोत काहीच दिसत नाही. नुसतं गवत. याचं काय स्टेटस ठेवणार?

एप्रिलमध्ये आग लागली. रस्त्याच्या बाजूनं, जशी अर्जात लिहिली होती तशीच. वाऱ्यानं जाळरेषा ओलांडली. बेड्यावरचे लोक पळत गेले, फांद्यांनी बडवून विझवली, पण तिसरा हिस्सा माळ गेला.

जूनमध्ये काका अहवाल भरायला आले. म्हणाले, “आग लागल्याचं लिवू का? लिवलं तं पुढचे पैसे देतीन का?”

मला माहीत होतं की अहवालांत असं कुणी लिहीत नाही. मी तीन वर्षं अहवाल वाचतोय, एकाही माळाला कधी आग लागलेली नाही, एकही रोप मेलेलं नाही. त्या खड्ड्यांच्या ओळींचा अहवालसुद्धा मी वाचला होता, त्यात पंच्याऐंशी टक्के झाडं जिवंत होती. आणि काकांना काय सल्ला द्यायचा हे मला तरी कुठे कळत होतं? परीक्षक म्हणून मला खरं हवं असतं. फॉर्म भरणारा म्हणून मला माझ्या गिऱ्हाइकाचं काम व्हायला हवं असतं.

लिहिलं आम्ही. एप्रिलची तारीख, किती जळलं, कोणत्या महिन्यात राखणदार नव्हता आणि का नव्हता. सोबत नवीन अर्ज जोडला, या वेळी राखण बारा महिन्यांची, रक्कम पुन्हा शहाण्णव हजार. कमी करू नये म्हणून काकांनी एक ओळ घालायला लावली, आणि तिच्याखाली, टाइप केलेल्या अर्जावर, प्रिंट काढून, पेनानं दोनदा रेघ मारली. मग मी तो पुन्हा स्कॅन केला.

दरम्यान एक गोष्ट मी माझ्या पातळीवर बदलली. नापास अर्जांना आधी एका ओळीचा मेसेज जायचा, ‘आपला अर्ज निवडला गेला नाही’. आता माझ्या वाट्याच्या प्रत्येक नापास अर्जाला मी फोन करतो. मराठीत, दहा मिनिटं. काय कळलं नाही ते विचारतो. मागच्या फेरीत असे आठ फोन केले. तिघांनी शिव्या दिल्या, दोघांनी उचललाच नाही. बाकीच्या तिघांचं म्हणणं ऐकल्यावर एकाचे गुण मला बदलावे लागले असते, पण फोन निकालानंतर केला होता. म्हणून या फेरीत फोन आधी.

तुमच्यापैकी कुणाला हे काम करायचं असेल, तर डिग्री लागत नाही. असे छोटे निधी नवे परीक्षक शोधतच असतात. महिन्याच्या दोन-तीन रात्री जातात, चहा स्वतःचा. तुमच्या भागातलं एखादं रान, ओढा, तळं वर्षभर बघितलेलं असलं तर तुमचा उपयोग होईल.

मीटिंग येत्या रविवारी आहे, सकाळी अकराला. मी वेटिंग रूममध्ये असेन. काकांना फोन येऊ शकतो, आणि बेड्यावर रेंज फक्त टेकडीवर येते, म्हणून ते दहापासूनच तिथे जाऊन बसणार आहेत. चला, गिऱ्हाईक आलंय बाहेर. ठेवतो.